पिंग लागतंय म्हणजे लॉगिन होतंय असं नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जून आला की पेपरात एक बातमी हमखास येते, सर्व्हर डाऊन, दाखल्यासाठी पालक ताटकळले. कधी उत्पन्नाचा दाखला असतो, कधी नॉन क्रीमीलेयर, कधी डोमिसाईल, आणि सोबत रांगेचा फोटो, पुढे एखादी आई पदराने वारा घेत उभी. बातमी खरी असते, त्यात माझी काही तक्रार नाही. पण मी हेच काम करतो म्हणून मला त्या बातमीत दरवेळी एक ओळ कमी वाटते, की सर्व्हर बंद आहे हे सांभाळणाऱ्यांना कळलं कधी आणि कळवलं कोणी. बहुतेक ठिकाणी ते रांगेतल्या माणसालाच आधी कळतं हो, आणि हे असं असायला नको, कारण हे पाच-दहा मिनिटांत आपोआप कळू शकतं आणि त्याला खर्च जवळपास काहीच नाही. तेवढ्यासाठी हे पत्र लिहून राहिलो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी १४ वर्षांपासून नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळतो. लॅबचं नाव इथे देत नाही. मुख्य सर्व्हर मुंबईच्या एका डेटा सेंटरमधे आहे, आणि नागपुरात, वर्धा, भंडारा, उमरेड, काटोल, ब्रह्मपुरी अशा ठिकाणी मिळून लिनक्सवर (विंडोजसारखीच एक सिस्टीम) चालणाऱ्या ११ छोट्या मशीनी आहेत, म्हणजे एकूण १२. या मशीनी दर १५ मिनिटांनी मुंबईच्या सर्व्हरवर लॉगिन करतात, तयार झालेल्या रिपोर्टच्या फायली तिथे टाकतात आणि तिथून डॉक्टर आपल्या मोबाईलवर रिपोर्ट पाहतात. हे लॉगिन एसएसएच नावाच्या पद्धतीनं होतं. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी ही पद्धत बनवली, त्याआधी लोक टेलनेट नावाच्या जुन्या पद्धतीनं लॉगिन करायचे आणि पासवर्ड वाटेत उघडाच जायचा. आज जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर दुरून याच रस्त्यानं सांभाळले जातात. पासवर्डच्या ऐवजी चावीची फाईल वापरता येते, त्यामुळे माणूस नसतानाही मशीन रात्री-बेरात्री आपलं आपण लॉगिन करते.

आता जे झालं ते सांगतो. एका शनिवारी संध्याकाळी बाहेरचा एक इंजिनीअर मुंबईच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर अपडेट करायला बसला होता. त्याच्या प्रोग्रामला एका फोल्डरमधे लिहिता येत नव्हतं, म्हणून आमच्या मशीनी ज्या युजरच्या नावानं लॉगिन करतात त्याच्या होम फोल्डरलाच त्यानं ७७७ परमिशन देऊन टाकली, म्हणजे कोणीही यावं आणि काहीही लिहावं. त्याचा प्रोग्राम चालला, साडेसहाला तो घरी गेला. पण एसएसएचचा स्वतःचा एक नियम आहे, होम फोल्डरमधे दुसऱ्या कोणाला लिहिता येत असेल तर तिथे ठेवलेल्या चावीच्या यादीवर तो विश्वास ठेवत नाही. नियम बरोबर आहे, कारण लिहिता आलं तर कोणीही आपली चावी त्यात घालून ठेवेल. तर त्या मिनिटापासून आमच्या ११ ही मशीनींचं लॉगिन नाकारलं जाऊ लागलं. सर्व्हर चालू होता, वेबसाईट उघडत होती, जुने रिपोर्ट दिसत होते. नवीन एकही चढत नव्हता.

आम्ही एक मॉनिटरिंगची सर्व्हिस घेतलेली होती, ती दर मिनिटाला पिंग करायची, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का तेवढं पाहायची. रविवारी मी घरून दोनदा तिचं पान पाहिलं, हिरवा दिवा, सगळं ठीक. सोमवारी सकाळी पावणेदहाला भंडाऱ्याच्या सेंटरवरच्या ताईंचा फोन आला, "दादा, कालपासून एकही रिपोर्ट नाई दिसून राह्यला, पेशंट येऊन उभे आहेत." तोपर्यंत धंतोलीच्या दोन दवाखान्यांतूनही फोन सुरू झाले होते. तुम्हाला माहीतच आहे, धंतोली-रामदासपेठेत फक्त नागपूरचे पेशंट नसतात, छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, राजनांदगाव, कुठून कुठून लोक येतात. बालाघाटचे एक गृहस्थ रविवार दुपारपासून बायकोच्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबले होते, काँट्रास्टचा सीटी स्कॅन करायच्या आधी डॉक्टरांना किडनीचा तो आकडा लागतो. रिपोर्ट रविवारी दुपारी एक वाजताच तयार होऊन आमच्या मशीनवर पडला होता. स्कॅन एक दिवस पुढे गेला. ते गृहस्थ सोमवारी लॅबमधे आले, भांडले नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाही, एवढंच विचारलं, "रिपोर्ट तो बन गयी थी ना भैया?" मला उत्तर देता आलं नाही.

शनिवार साडेसहा ते सोमवार पावणेदहा, ३९ तास आणि वर १५ मिनिटं. दुरुस्तीला किती वेळ लागला म्हणाल तर दोन मिनिटं.

तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत असतो की पिंगवर जाऊ नका. पिंग हा प्रोग्राम वाईट नाही, माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेला तो आजही कामाचा आहे, पण तो विचारतो फक्त एवढंच की तिकडे मशीनपर्यंत वाट आहे का. त्याला उत्तर देतो कर्नल, म्हणजे मशीनचा अगदी आतला भाग, वर कोणता प्रोग्राम जिवंत आहे कोणता मेला त्याचा त्या उत्तराशी संबंध नसतो. दवाखान्याच्या गेटवरचा लाईट चालू दिसला म्हणून डॉक्टर आत बसलेच आहेत असं आपण धरतो का, तसंच आहे हे. मग काही जण एक पायरी पुढे जातात, २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे मशीनमधे शिरायचं ठरलेलं दार, उघडा आहे का तेवढं तपासतात. हा पोर्ट एसएसएचला मिळालेला आहे. पण तिथेसुद्धा कनेक्शनची पहिली देवाणघेवाण कर्नलच उरकून टाकतो. रॅम संपून मशीन स्वॅपमधे, म्हणजे रॅमच्या बदली वापरायच्या डिस्कवरच्या संथ जागेत, अडकलं असेल किंवा हार्ड डिस्क उत्तर देत नसेल तर पोर्ट उघडा दिसतो आणि पुढे नुसती शांतता, कारण लॉगिन घेणारा नवीन प्रोसेसच उभा राहत नाही. आमच्या काटोलच्या मशीनवर हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा नवतपात, बाहेर ४५ डिग्री आणि कोणीतरी कूलरचं तोंड सरळ मशीनकडे केलेलं. (कूलरची हवा दमट असते, ती मशीनवर सोडू नका, हे प्रत्येक सेंटरवर कागदावर लिहून चिकटवलंय.) पोर्टच्या पुढची पायरी म्हणजे सर्व्हर आपलं नाव आणि व्हर्जन सांगणारी एक ओळ पाठवतो ती आली का पाहणं. ती आली तर एसएसएचचा प्रोग्राम जिवंत आहे एवढं नक्की. पण आमच्या शनिवारच्या प्रकारात ती ओळसुद्धा बरोबर येत होती! अडत होतं ते त्याच्याही पुढे, चावी मानण्याच्या जागी. म्हणजे खरं तपासायचं असेल तर खरं लॉगिन करूनच पाहावं लागतं, दुसरा इलाज नाही.

म्हणून आम्ही स्क्रिप्ट लिहिली. बॅशमधली, म्हणजे लिनक्सच्या कमांड एकाखाली एक लिहून ठेवलेली, ४० एक ओळींची, विकत काही घेतलं नाही, लिनक्समधे जे येतं त्यावरच चालते. एका फाईलमधे १२ मशीनींची यादी, स्क्रिप्ट एकेक नाव घेते, त्या मशीनवर लॉगिन करते, आत एक लहानशी फाईल लिहून पुसते, तिथली तारीख-वेळ विचारते आणि बाहेर येते. फाईल लिहून पाहणं यासाठी की कधीकधी डिस्कमधे बिघाड झाला की लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती चालू ठेवतं, लॉगिन मस्त होतं आणि रिपोर्ट एकही जात नाही. लॉगिन करताना बॅचमोड चालू ठेवायचा, नाहीतर चावी नाकारली गेली की एसएसएच पासवर्ड विचारत बसतो आणि रात्री तीनला उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं. कनेक्ट टाइमआउट १० सेकंद. पण तो कनेक्शनपुरताच कामाचा, आत गेल्यावर अडकलं तर त्याचा उपयोग नाही, म्हणून सगळी कमांडच बाहेरून टाइमआउट नावाच्या कमांडमधे गुंडाळलीय, ३० सेकंदांत आटोपलं नाही तर ती तोडून टाकते. आणि मग निकालाचा आकडा पाहायचा, एसएसएचला स्वतःलाच अडचण आली तर तो २५५ देतो, टाइमआउटनं तोडलं तर १२४, आणि सगळं नीट झालं तर शून्य. या तीन आकड्यांवरूनच रात्री झोपेतून उठल्यावर अर्धा अंदाज येतो, २५५ म्हणजे वाट किंवा चावी, १२४ म्हणजे मशीन आत कुठेतरी गुदमरलंय.

पहिल्या तीन आठवड्यांत या स्क्रिप्टनं एकदाही बोंब मारली नाही आणि आम्ही निश्चिंत होतो. मग ब्रह्मपुरीचं मशीन दोन दिवस बंद होतं हे पुन्हा फोनवरूनच कळलं. शोधलं तर काय, स्क्रिप्ट यादीतलं पहिलं नाव तपासत होती आणि थांबत होती. कारण असं की यादीची फाईल एकेक ओळ वाचली जात असते आणि तेवढ्यात एसएसएच सुरू होतो, तो आपल्यासाठी इनपुट आहे असं समजून उरलेली अख्खी यादीच ओढून घेतो, ११ नावं गायब. त्यासाठी एसएसएचला एन हा पर्याय द्यावा लागतो, एका अक्षराचा फरक. जे कोणी अशी स्क्रिप्ट लिहीत असतील त्यांनी हे आधी तपासा, ही चूक फार जणांकडून होते आणि ती एरर देत नाही, गप्प बसते. आता आमची स्क्रिप्ट प्रत्येक फेरीच्या शेवटी लिहिते, १२ पैकी १२ तपासल्या. आकडा कमी पडला तर तोच अलार्म.

अजून एक चूक होता होता राहिली. मी तपासणीसाठी मुंबईच्या सर्व्हरवर वेगळा युजर बनवला होता, नीटनेटकं दिसावं म्हणून. आमच्याकडे इंटर्नशिपला आलेल्या मुलीनं विचारलं, सर शनिवारी तर रिपोर्टवाल्या युजरचं फोल्डर बिघडलं होतं ना, मग तुमचा हा वेगळा युजर लॉगिन करत राहिला असता आणि सगळं हिरवंच दिसलं असतं. अगदी खरं. मशीनी ज्या युजरनं जातात त्याच युजरनं तपासायला पाहिजे. म्हणून आता युजर तोच, चावी फक्त वेगळी, आणि सर्व्हरवर त्या चावीपुढे लिहून ठेवलंय की ही चावी आली तर फक्त ती ठरलेली तपासणीच चालवायची, दुसरं काही नाही, आणि ती आमच्या ऑफिसच्या आयपीवरूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरूनच, चालेल. असं बांधून ठेवायची सोय ओपनएसएसएच या एसएसएचच्या नेहमीच्या प्रोग्राममधेच आहे, लोक वापरत नाहीत. कुठे कुठे तर स्क्रिप्टमधे चक्क रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड लिहिलेला पाहिलाय मी, आणि ती स्क्रिप्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. असं करू नका हो. मॉनिटरिंगच्या नावानं घराची मुख्य चावी दाराबाहेर टांगण्यात काय अर्थ आहे.

तसंच ते होस्ट कीचं. सर्व्हरची स्वतःची ओळख बदलली की एसएसएच मोठ्ठी वॉर्निंग देऊन थांबतो, आणि स्क्रिप्ट अडते म्हणून लोक ती तपासणीच बंद करून टाकतात. त्या वॉर्निंगचा अर्थ दोनच, एक तर कोणीतरी मशीन नव्यानं बसवलं आणि तुम्हाला सांगितलं नाही, किंवा तुम्ही भलत्याच मशीनशी बोलताय. दोन्ही गोष्टी तुम्हाला कळायला पाहिजेत ना. आम्ही ती चालूच ठेवलीय, आणि ती वाजली की सगळं काम सोडून आधी तिकडे पाहतो.

ही स्क्रिप्ट क्रॉनमधे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या प्रोग्राममधे, दर पाच मिनिटांनी लावलीय. क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड कुठे कुठे शोधायची त्याची यादी, अगदी तोकडा असतो, हातानं चालवलेली स्क्रिप्ट तिथे चालत नाही, त्यामुळे कमांडचे पूर्ण पत्ते लिहा. आणि एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक नावाचं कुलूप लावा, नाहीतर ज्या दिवशी खरंच सगळं अडकलेलं असतं त्याच दिवशी या फेऱ्या एकावर एक चढतात.

आता खोट्या अलार्मचं. हे महत्त्वाचं आहे कारण माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी मॉनिटरिंग मरतं ते यानंच, पहिल्या आठवड्यात दोनशे मेसेज येतात, दुसऱ्या आठवड्यात लोक तो ग्रुप म्यूट करतात, संपलं. यादीची चूक दुरुस्त केल्यावर सुरुवातीला आम्हालाही मध्यरात्री एखाददुसरं फेल यायचं आणि लगेच पुढच्या फेरीत ठीक. कारण सापडलं, इंटरनेटवर दिवसरात्र बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, फिरत असतात, २२ नंबरच्या पोर्टवर वेगवेगळे पासवर्ड मारून पाहतात, आणि ओपनएसएसएचमधे अशी सोय आहे की लॉगिन न झालेली अर्धवट कनेक्शनं १० झाली की नवीन येणाऱ्यांपैकी ३० टक्के तो आपल्या मनानं परत पाठवतो, आणि १०० झाली की सगळीच. त्यात आमचं एखादं सापडायचं. म्हणून आता लागोपाठ दोनदा फेल झालं तरच मेसेज जातो, आणि ठीक झालं की एकदाच, ठीक झालं म्हणून. मधल्या काळात दर पाच मिनिटांनी तेच तेच नाही.

दुसरी गोष्ट नागपूरची. आपल्याकडे कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो, सिमेंट रोड असो, पाईपलाईन असो, आणि केबल तुटली की आमच्या ऑफिसचं नेट जातं. तेव्हा स्क्रिप्टला १२ च्या १२ मशीनी मेलेल्या दिसायच्या! म्हणून ती आता आधी स्वतःची नाडी बघते, बाहेरच्या दोन वेगळ्या ठिकाणी पोचता येतंय का, नसेल तर एवढंच लिहून ठेवते की नेट आपलंच गेलं. पण मग नेट गेलं असताना पहारा कोण देणार. त्यासाठी हीच स्क्रिप्ट मुंबईच्या सर्व्हरवरून उलट दिशेनंही चालते, ती आमचं ऑफिस पाहते. आणि रोज सकाळी ८ वाजता दोन्हीकडून एक मेसेज येतो, मी चालू आहे, इतक्या फेऱ्या झाल्या. तो मेसेज आला नाही तर चहा बाजूला ठेवून आधी ते पाहायचं, हा नियम हे काम पाहणारे आम्ही तिघंही पाळतो. गप्प बसलेली स्क्रिप्ट आणि सगळं ठीक असलेली स्क्रिप्ट बाहेरून सारखीच दिसते, ब्रह्मपुरीनं हे शिकवलं.

लॉगिन झालं की नाही एवढंच नका लिहू, किती वेळ लागला तेही लिहा. हे मी का सांगतो, तर २०२४ च्या मार्चमधे आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरला जाणवलं की त्याच्या टेस्ट मशीनवर एसएसएचचं लॉगिन ०.३ सेकंदाच्या जागी ०.८ सेकंद घेतंय. अर्धा सेकंद हो! दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. त्यानं खणत नेलं तेव्हा एक्सझेड नावाच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमधे कोणीतरी मुद्दाम घातलेला चोरदरवाजा सापडला, जो एसएसएचमधून सर्व्हरमधे शिरू देत होता. २९ मार्चला त्यानं जाहीर केलं आणि तो प्रकार बहुतेक सर्व्हरवर पोचायच्या आत थांबला. आपल्याला एवढं मोठं काही सापडेल असं नाही, पण आमच्या उमरेडच्या मशीनचा लॉगिनचा वेळ एका सेकंदावरून चढत चढत आठ सेकंदांवर गेला तेव्हा आम्ही डिस्क काढून पाहिली, ती जायच्या मार्गावरच होती. रविवारी शांतपणे बदलली. कोणाचा रिपोर्ट अडकला नाही, कोणाला कळलंही नाही.

आणि २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट तर नागपूरकर विसरू शकत नाही. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी वस्त्यांत शिरली, मोर भवनच्या बस पाण्यात उभ्या होत्या. आमचं एक सेंटर त्याच पट्ट्यात, तळमजल्यावर. स्क्रिप्टचा मेसेज पहाटे आला, लागोपाठ दोनदा लॉगिन फेल. एरवी मी म्हटलं असतं लाईट गेली असेल, सकाळी बघू. पण नियम म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला फोन केला, त्यानं खाली जाऊन दार उघडलं आणि म्हणाला, "सर, पाणी आत घुसून राह्यलं, टोंगळ्याच्या खाली आहे अजून." त्यानं आधी यूपीएस बंद केला, मग मशीन आणि सॅम्पलचे डबे उचलून जिन्यावर ठेवले. तासाभरानं तिथे कमरेएवढं पाणी होतं. फर्निचर गेलं, सॅम्पल वाचली. स्क्रिप्टला पुराचं काय कळतं, तिला फक्त लॉगिन होत नव्हतं, पण तेवढंच कोणीतरी वेळेवर सांगावं लागतं.

कायद्याचंही थोडं बोलतो. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढलेत, त्यात सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, लॉग म्हणजे मशीनींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवा, आणि मशीनींची घड्याळं एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवा असं म्हटलंय. घड्याळाची गोष्ट लोकांना फालतू वाटते. दोन मशीनींच्या वेळेत सात मिनिटांचा फरक असेल तर आधी काय झालं आणि नंतर काय झालं हेच ठरवता येत नाही, मी त्यात एक पूर्ण रात्र घालवलीय. आमची स्क्रिप्ट म्हणूनच प्रत्येक मशीनची वेळ विचारते आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला तर लिहून ठेवते.

तर माझं म्हणणं असं. नागपुरात आज लहान दवाखाने, पतसंस्था, कोचिंग क्लास, शाळा, सगळ्यांचा कुठे ना कुठे दुरचा सर्व्हर आहे, आणि तो सांभाळायचं कंत्राट कोणाला तरी दिलेलं आहे. कंत्राट देणाऱ्यांनी सही करायच्या आधी एक विचारावं, तुम्ही पिंग करता की खरं लॉगिन करून पाहता, आणि मागच्या महिन्याची नोंद दाखवा. दाखवता आली नाही तर समजून जा. आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या शिक्षकांना विनंती आहे, शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून दरवर्षी तेच हजेरीचं अ‍ॅप येतं, त्याऐवजी पाच पोरापोरींना एखाद्या खऱ्या संस्थेचे सर्व्हर महिनाभर पाहायला लावा, यादी गिळणारा एसएसएच त्यांना एकदा भेटला की पुस्तकात नसलेलं बरंच काही कळेल. आणि तुमच्या बातमीदारांना हात जोडून सांगणं आहे की यंदा जूनमधे सर्व्हर डाऊनची बातमी करायला जाल तेव्हा रांगेचा फोटो घ्याच, पण साहेबांना हेही विचारा, बंद कधी पडला, तुम्हाला किती वाजता कळलं, आणि कोणी सांगितलं. तीनही उत्तरं छापा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोकांनी सांगितल्यावर असं असेल तर तेही तसंच्या तसं छापा.

ते बालाघाटचे गृहस्थ पुढे दोन महिन्यांनी पुन्हा आले होते, बायकोला तपासणीसाठी घेऊन. रिपोर्ट ११ वाजून ४० मिनिटांनी तयार झाला, पावणेबाराच्या फेरीत वर चढला आणि ते काउंटरवर विचारायला यायच्या आधीच डॉक्टरांनी मोबाईलवर पाहिला होता. मी लांबूनच पाहत होतो, जाऊन काही बोललो नाही.

आपला,
एक नियमित वाचक
मानेवाडा, नागपूर